साष्टीच्या रानातला वीतभर पतंग

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत आणि नवखा पाहुणा हमखास चुकतो. एक मानपाडा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, चितळसरला खेटून. दुसरा डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला, मानपाडेश्वराच्या देवळाचा. गंमत अशी की ‘मानपाडा पोलीस ठाणे’ या नावाची पाटी डोंबिवलीत आहे; ठाण्याच्या मानपाड्यातली तक्रार चितळसर पोलीस ठाण्यात जाते. टॉवर दोन्हीकडे सारखेच, वाहतुकीची कोंडीही सारखीच. फरक कळतो तो नकाशा उघडल्यावर. डोंबिवलीचा मानपाडा मुख्य भूमीवर आहे आणि ठाण्याचा मानपाडा बेटावर.

हे बेट म्हणजे साष्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. दक्षिणेकडचे पाणी भराव आणि बांध घालून केव्हाच अडवले गेले आणि साष्टी मुंबईला चिकटली. १७३७ साली मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतले, १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा बेट असण्याला अर्थ होता, कारण खाडी ओलांडायला गलबते लागत. आता लोकल ती खाडी काही क्षणांत ओलांडते. बोरिवली, अंधेरी, मुलुंडचा माणूस आपण बेटावर राहतो हे विसरून गेला आहे. पण बेटाच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल अजून उभे आहे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि त्याची पूर्वेकडची किनार मानपाड्याच्या पाठीमागे येऊन टेकते.

एवढ्या मोठ्या शहरात हे जंगल टिकले कसे, याचे उत्तर रोमँटिक नाही. मुंबईला पाणी हवे होते. १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी असे दोन तलाव बांधून झाले, आणि त्यांच्या पाणलोटातली झाडे तोडली तर तलाव गाळाने भरतील हे कळण्याइतके शहाणपण तेव्हाच्या कारभाऱ्यांकडे होते. बिबट्या, कान्हेरीची लेणी, सहलीची गर्दी हे सारे त्या रानाच्या आधाराने राहिले. त्याच आधाराने राहिलेला एक जीव मात्र सहलीला आलेल्यांना सहसा भेटत नाही. पसरलेले पंख मोजले तर पुरी वीत भरते, असा हा पतंग. छायाचित्रे काढणारे त्याला ॲटलास मॉथ म्हणतात. वर्तमानपत्रे दर पावसाळ्यात त्याला ‘दुर्मिळ फुलपाखरू’ म्हणतात. तो फुलपाखरू नाही, आणि दुर्मिळ म्हणण्याइतका विरळाही नाही. आपण रात्री रानात नसतो, एवढेच.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेहून परिवहनची बस कापूरबावडीचा चौक पार करून मानपाड्याच्या नाक्यावर आणते. डोक्यावर मेट्रोचे खांब, उड्डाणपुलावरून गुजरातकडे निघालेले ट्रक, खाली भाजीवाले आणि रिक्षांची रांग. इथून डावीकडे वळले की रस्ता टिकुजिनीवाडीकडे चढू लागतो. दोन्ही बाजूंना उंच सोसायट्या आहेत, आणि त्या संपता संपता समोर येऊरच्या डोंगराची हिरवी भिंत उभी राहते. जुलैत ती ढगात अर्धी बुडालेली असते. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे ठाण्याकडचे तोंडही याच भागात आहे. जुलै २०२४ मध्ये त्या कामाचे भूमिपूजन झाले. सुमारे १२ किलोमीटरचा हा मार्ग राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाऊन बोरिवलीत मागाठाण्याला निघेल. म्हणजे एका बाजूला वनखात्याचे फाटक, दुसऱ्या बाजूला बोगद्याचे यंत्र, आणि मधल्या पट्ट्यात सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक.

फाटकाच्या आत पाऊल टाकले की पहिल्या काही मिनिटांत आवाज बदलतो. ट्रकची घरघर मागे पडते आणि ओढ्याचे पाणी ऐकू येते. हे कोकणातले पानगळीचे मिश्र रान आहे. साग, ऐन, किंजळ, पळस, हेद, कुडा, उंबर, मधूनच बांबूची बेटे. एप्रिलमध्ये हेच रान करड्या काटक्यांचे असते. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत ते इतके दाट होते की पायवाटेवरून दहा फुटांपलीकडचे दिसत नाही. पालवी फुटली की अळ्या येतात, आणि अळ्या आल्या की पावशा, कोतवाल, हळद्या. पतंगांचा हंगाम हा असा पानांपासून सुरू होतो.

याचा सर्वांत ढळढळीत पुरावा सागावर दिसतो. पावसाळा अर्ध्यावर आला की येऊरच्या उतारावरचे साग एकाएकी विटके दिसू लागतात. जवळ जाऊन पाहिले तर पानाचा हिरवा भाग गायब आणि शिरांची जाळी तेवढी शिल्लक. हे काम बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या अळ्यांचे. ‘हिब्लिया प्युएरा’ नावाच्या पतंगाच्या अळ्या कोवळी पाने फस्त करतात, तर ‘युटेक्टोना’च्या अळ्या जून पाने खरवडून त्यांची जाळी करतात. डोंगर जळला की काय, असे वाटावे इतके हे प्रमाण वाढते. साग मरत नाही, पुन्हा पालवतो. त्या आठवड्यांत पक्ष्यांची चंगळ असते, आणि जमिनीवर अळ्यांच्या लेंड्यांचे बारीक खत पडते. पाने खाल्ली गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी रानाचा हाही हिशेब पाहायला हरकत नाही.

ॲटलास पतंगाची अळी इतकी गर्दीने राहत नाही. ती सापडली तर एकटीदुकटी, झुडपाच्या किंवा मध्यम उंचीच्या झाडाच्या पानाखाली. दालचिनीचे गोत्र, सीताफळ, पेरू, लिंबूवर्गातली झाडे, महारुखाची जात अशी तिच्या आहाराची यादी लांबलचक आहे. वाढत वाढत ती हाताच्या अंगठ्याएवढी जाड आणि दहा सेंटिमीटरहून लांब होते. रंग निळसर हिरवा, पाठीवर मऊ मांसल काटे, आणि सगळ्या अंगावर पांढऱ्या मेणाची भुकटी. मुंग्या किंवा सरडे फार जवळ आले तर ती अंगातून उग्र वासाचा द्रव उडवते. दिवसरात्र खाणे हा तिचा एकच उद्योग, आणि त्याला कारण आहे. पुढे पंख फुटल्यावर या प्राण्याला तोंडच उरत नाही. प्रौढ पतंगाची सोंड इतकी खुरटलेली असते की त्याला पाण्याचा थेंबही घेता येत नाही. अळीने पाच-सहा आठवड्यांत साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम एक-दोन आठवडे जगतो. त्या वीतभर पंखांची एक एक तसू पानांतून आलेली असते, हे लक्षात घेतले तर पतंग पाहायला निघालेल्याने आधी झाडे पाहावीत हे पटते.

मग कोश. तपकिरी, कागदासारखा, वाळक्या पानात गुंडाळलेला, फांदीला रेशमाने घट्ट बांधलेला. कोकणात पावसाळा संपता संपता झालेला कोश उन्हाळाभर तसाच लटकून राहू शकतो; आतला जीव थांबून असतो आणि हवेत ओल आली की बाहेर पडतो. तैवानमध्ये रिकाम्या कोशांचे छोटे बटवे करतात. त्याचे रेशीम सलग धाग्यात निघत नाही, तुकड्या तुकड्यांत मिळते, म्हणून त्यावर मोठा व्यापार उभा राहिला नाही.

व्यापार उभा राहिला तो त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या पतंगावर, आणि तो महाराष्ट्रातही. टसरचा पतंग याच ‘सॅटर्निडी’ कुळातला. विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवल्या जातात. ढीवर समाजातल्या कुटुंबांकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या आहे. अळ्या झाडावर सोडायच्या, पाने संपली की दुसऱ्या झाडावर हलवायच्या, पाखरांपासून राखायच्या. गडचिरोलीतले आरमोरी या उद्योगाचे जुने ठाणे, आणि भंडाऱ्याकडच्या कोष्ट्यांच्या मागांवर त्याचे कापड होते. ठाण्याच्या रानातही ऐन आहे आणि ऐनावर टसरचा रानटी पतंगही आहे. त्याचा कोश लांब देठाने फांदीला कडे घालून लटकतो, टणक आणि राखाडी. इथे त्याला कोणी राखत नाही आणि कोणी तोडतही नाही.

आता पंखांकडे. कोशातून ताजा बाहेर पडलेला ॲटलास पतंग दिवसा दिसतो तेव्हा तो बहुधा कोशाजवळच कुठे तरी टांगून पंख सुकवत असतो. पंखांचा रंग तांबूस तपकिरी, कडेकडे गुलाबी आणि पिवळट छटा. चारही पंखांच्या मध्यावर काळ्या रेघेने कडा आखलेली त्रिकोणी खिडकी असते. खिडकी हा शब्द इथे अलंकार नाही. त्या जागी रंगाचे खवले नाहीत, त्यामुळे पलीकडचे पान आरपार दिसते. पांढऱ्या आणि काळ्या नागमोडी रेघा पुढच्या पंखावरून मागच्या पंखावर अशा जुळून जातात की बसलेल्या पतंगाचे चार पंख एकाच चित्राचे भाग वाटतात. शरीर त्या मानाने आखूड, जाड, लालसर केसाळ. मादी थोराड, पंख रुंद. नर लहानसर, पंख जास्त टोकदार, पण डोक्यावरच्या शृंगिका दुहेरी दातऱ्यांच्या कंगव्यासारख्या रुंद. मादी रात्री बसल्या जागी गंध सोडते आणि नर त्या शृंगिकांनी हवेतला तो गंध टिपत वाऱ्याच्या उलट दिशेने येतो. या गंधांचे रसायन माणसाला पहिल्यांदा उलगडले ते १९५९ साली, तेही याच्या पाळीव नातलगात, तुतीच्या रेशीमकिड्यात.

लोक सर्वांत आधी बोट दाखवतात ते पंखाच्या टोकाकडे. पुढच्या पंखाचे टोक बाहेर वळलेले, पिवळट, त्यावर डोळ्यासारखा काळा ठिपका आणि जबड्यासारखी रेघ. कडेने पाहिले तर सापाचे डोके. हाँगकाँगकडच्या कँटोनी बोलीत या पतंगाला सापाच्या डोक्यावरूनच नाव दिलेले आहे. त्याला डिवचले तर तो उडून जायची घाई करत नाही. खाली पडतो आणि पंख संथपणे वरखाली हलवत राहतो, त्यामुळे ती टोके डुलल्यासारखी दिसतात. पक्षी याला खरोखर फसतात का, हे प्रयोग करून पक्के झालेले नाही. सापाची भीती माणसाच्या डोक्यात खोल बसलेली आहे, त्यामुळे आपल्याला सगळीकडे साप दिसतो, असेही म्हणता येईल.

मात्र त्याच टोकाविषयी एक वेगळी गोष्ट अलीकडे उघड झाली आहे आणि ती सापाहून सरस आहे. हा पतंग उडतो रात्री. रात्री त्याचा शत्रू पक्षी नसून वटवाघूळ असते, आणि वटवाघळाला रंग, ठिपका, जबडा यांच्याशी कर्तव्य नसते. ते चीत्कार सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य ओळखते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या मार्क होल्डरीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की ॲटलाससारख्या पतंगांच्या पुढच्या पंखांच्या टोकांना ज्या घड्या आणि चुण्या असतात, त्यांवरून आवाज अतिशय जोरात परत फिरतो. शरीरावरून येणाऱ्या प्रतिध्वनीपेक्षाही जोरात. म्हणजे वटवाघळाला ‘ऐकू’ येते ते पंखाचे टोक, आणि झडप तिथे पडते. टोक फाटले तर पतंगाचे फारसे बिघडत नाही. शरीर वाचते, अंडी वाचतात. याच गटाने त्याआधी दाखवले होते की पतंगांच्या अंगावरची लव आणि पंखांवरचे खवले वटवाघळाचा आवाज शोषून घेतात. एका जागी आवाज गिळायचा, दुसऱ्या जागी तो मोठ्याने परतवायचा. कान्हेरीच्या लेण्यांतून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळांनी आणि या रानातल्या पतंगांनी एकमेकांना असे घडवले असेल, तर ‘सुंदर’ म्हणून आपण ज्याची छायाचित्रे काढतो त्यातला बराचसा भाग डोळ्यांसाठी नव्हताच.

येऊरमध्येच दिसणारा मून मॉथ हे याचे दुसरे उदाहरण. फिकट पोपटी रंग, पांढरे लोकरी अंग आणि मागच्या पंखांना लोंबणाऱ्या, पीळ पडलेल्या दोन लांब शेपट्या. छायाचित्रात तो एखाद्या दागिन्यासारखा दिसतो. त्याचा अमेरिकी भाऊबंद लूना मॉथ घेऊन जेसी बार्बर यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रयोग केले. शेपट्या शाबूत असलेले पतंग वटवाघळाच्या तावडीतून वाचण्याचे प्रमाण शेपट्या कापलेल्यांपेक्षा सुमारे ४७ टक्क्यांनी अधिक निघाले. उडताना शेपट्या गरगरतात आणि वटवाघूळ शेपटीचा लचका तोडून जाते.

आता नावाचे थोडे सांगायला हवे, कारण त्यात एक दुसरे बेट येते. ‘ॲटलास’ हे नाव लिनियसने १७५८ मध्ये दिले ते आशियातल्या या थोराड पतंगांना. पुढे फ्रेडरिक मूर या इंग्रज अभ्यासकाने सिलोनच्या पतंग-फुलपाखरांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात तिथल्या पतंगाला ‘अटॅकस टॅप्रोबॅनिस’ म्हटले. टॅप्रोबेन हे श्रीलंकेचे प्राचीन ग्रीकांनी वापरलेले नाव. बराच काळ या दोघांना एकच मानले जाई. आता दक्षिण भारत, पश्चिम घाट आणि श्रीलंकेतला पतंग टॅप्रोबॅनिस म्हणून वेगळा धरतात आणि हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंतचा ॲटलास निराळा. तेव्हा ठाण्यातल्या छायाचित्रांखाली ‘ॲटलास’ लिहिलेले असते ते बोलीभाषेपुरते ठीक आहे.

बेटांचा आणि या कुळाचा संबंध जुना आहे. अंदमानात ‘अटॅकस मॅकमुलेनी’ नावाची एक जात आहे, ती अंदमानाबाहेर सापडत नाही. फिलिपिन्सच्या बेटांवर ‘अटॅकस सीझर’ आहे. न्यू गिनीत आणि उत्तर ऑस्ट्रेलियात हर्क्युलिस पतंग, ज्याच्या मादीचे पंख क्षेत्रफळात ॲटलासच्या तोडीचे मानले जातात. मादागास्करमध्ये लांबलचक शेपट्यांचा धूमकेतू पतंग. समुद्राने तोडलेल्या जमिनीवर हजारो पिढ्या गेल्या की जात वेगळी होते, असा हा सरळ हिशेब. मादागास्करचे आणखी एक उदाहरण तर पाठ्यपुस्तकांत गेले आहे: तिथल्या एका आमरीच्या फुलाची सुमारे ३० सेंटिमीटर लांब मधुनलिका पाहून चार्ल्स डार्विनने १८६२ मध्ये लिहिले की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. तो पतंग १९०३ मध्ये वर्णिला गेला, डार्विनच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी.

साष्टीत मात्र असे काही वेगळे घडले नाही. खाडी अरुंद आहे आणि ती काही लाखो वर्षांची भिंत नव्हे. येऊरचा पतंग, खाडीपलीकडच्या तुंगारेश्वरचा पतंग आणि माथेरानचा पतंग एकाच जातीचे. समुद्राने इथे जे केले नाही ते आता दिवे आणि काँक्रीट करू पाहत आहेत. वसईच्या खाडीच्या बाजूने तुंगारेश्वरकडे जाणारा हिरवा पट्टा सोडला तर या रानाला तिन्ही बाजूंनी शहराने घेरले आहे. बेटाच्या आत एक नवे बेट तयार झाले आहे, आणि त्याचा किनारा सोडियम आणि एलईडीच्या उजेडाचा आहे.

हा किनारा रात्री येऊरच्या चढावरून उत्तम दिसतो. पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा असे वारल्यांचे आणि इतर आदिवासींचे पाडे या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या घरांतला उजेड बेताचा. खाली घोडबंदर रस्ता मात्र रात्रभर पेटलेला. डोंगरावरही अलीकडे बंगले, हॉटेले आणि प्रखर दिव्यांची टर्फ आली आणि त्यांवरून ठाण्यात तक्रारी, आंदोलने, न्यायालयीन वाद झाले. बिबट्याला त्रास होतो असे त्यात प्रामुख्याने बोलले गेले. पतंगांसाठी कोणी मोर्चा काढत नाही, आणि काढणाराही नाही.

दिव्याकडे पतंग का येतो, हा प्रश्न मराठी माणसाला कवितांनी फार पूर्वी सोडवून दिला होता: प्रेमाने. विज्ञानाचे उत्तर २०२४ मध्ये आले आणि ते रूक्ष आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या सॅम्युएल फेबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचे उड्डाण टिपले. लाखो वर्षे रात्रीचे आकाश जमिनीपेक्षा उजळ राहिले आहे, म्हणून उडणारा किडा पाठ उजेडाकडे ठेवतो. त्यावरून त्याला वर कुठे आणि खाली कुठे ते कळते. बाजूला दिवा लागला की तो पाठ दिव्याकडे करतो, वळतो, पुन्हा पाठ करतो, आणि घिरट्यांत अडकतो. तो दिव्याकडे येत नाही. दिव्यापासून सुटू शकत नाही. ज्या पतंगाकडे सारे आयुष्य मिळून दहा रात्री आहेत आणि खायला तोंड नाही, त्याची एक रात्र सोसायटीच्या जिन्यातल्या बल्बाखाली गेली तर तो तोटा मोठाच.

हीच खोड अभ्यासकांच्या उपयोगी पडते. पांढरी चादर ताणून बांधायची, समोर अतिनील छटेचा दिवा लावायचा आणि काही तासांनी तो आठवणीने विझवायचा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत रात्री थांबायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती लागावीच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे गोरेगावचे निसर्ग शिक्षण केंद्र या रानाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि तिथे अनेक वर्षे काम केलेल्या डॉ. व्ही. शुभलक्ष्मी यांनी या भागातल्या पतंगांचा पद्धतशीर अभ्यास केला. भारतीय पतंगांवरचे त्यांचे मार्गदर्शक पुस्तक आज हौशी मंडळींच्या पिशवीत असते.

चादरीवर येणाऱ्यांचा क्रम साधारण ठरलेला. अंधार पडला की नखाएवढे बारीक पतंग येतात, त्यांची नावे तज्ज्ञांनाही चटकन सांगता येत नाहीत. मग उंबराच्या पानांवर वाढलेले पिवळे-केशरी, काळ्या ठिपक्यांचे असोटा. मग जेट विमानासारखे त्रिकोणी, भरधाव हॉक मॉथ. एखाद्या रात्री ‘युडोसिमा’ येतो: पुढचे पंख हुबेहूब वाळके पान, आणि ते उघडले की आत गर्द नारिंगी. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हा सुंदर वगैरे वाटणार नाही. ‘फळातील रस शोषणारा पतंग’ म्हणून कृषी खात्याच्या पत्रकांत त्याचेच नाव असते. टणक सोंडेने तो संत्र्याला भोक पाडतो, फळ सडून गळते. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, म्हणून बागेभोवतीचे ते वेल काढायला सांगतात. ठाण्यात संत्र्याच्या बागा नाहीत आणि गुळवेल भरपूर आहे, त्यामुळे इथे त्याचे कोणाशी भांडण नाही. मध्यरात्र उलटल्यावर, माणसे पेंगू लागल्यावर, ॲटलास आणि मून मॉथ येण्याची शक्यता सर्वांत जास्त. यायचे तर ते आवाज करत येतात. एवढ्या मोठ्या पंखांची फडफड अंधारात आधी ऐकू येते.

दिवसा फुलपाखरे पाहायची असतील तर मानपाड्यापासून घोडबंदरच्या दिशेने पुढे ओवळ्याला जावे. राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या कुटुंबाच्या जमिनीवर अळ्यांना लागणारी आणि मधाची झाडे लावून ओवळेकर वाडी उभी केली. जाळी नाही, पिंजरा नाही, फुलपाखरे बाहेरून येतात आणि हवे तेव्हा जातात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉर्मन, म्हणजे नीलवंत, तिथे सहज दिसते. पतंगाला असा मान महाराष्ट्राने अजून दिलेला नाही.

डोंबिवलीच्या मानपाड्याला रान नाही, असे म्हणून तिकडे पाठ फिरवणे मात्र चूक ठरेल. तिथल्या सोसायट्यांत आणि दुभाजकांवर कण्हेर आणि तगर भरपूर लावलेली असते, आणि तेच ‘डॅफ्निस नेरिआय’ या हॉक मॉथचे खाद्य. कण्हेरीचा चीक माणसाला आणि गुरांना विषारी. ही अळी तो पचवते. हिरव्या अंगावर, डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळ्यासारखे ठिपके असतात, धोका वाटला की ती मान आत घेते आणि ते ठिपके मोठे दिसू लागतात. तिचा पतंग होतो तो हिरव्या, गुलाबी आणि जांभळट पट्ट्यांचा, लष्करी गणवेशाला लाजवील असा. तो लांबचा प्रवासी आहे. आफ्रिका आणि दक्षिण आशियातून उन्हाळ्यात युरोपपर्यंत जाणारी याची जात. त्याला पाहायला वनखात्याची परवानगी लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तगरीची पाने कुरतडलेली आणि खाली काळ्या जाड लेंड्या पडलेल्या दिसल्या की वर अळी आहे असे समजावे, आणि माळीबुवांना त्या झुडपावर फवारा मारू नका म्हणून सांगावे.

जुलैच्या अखेरीस जगभर पतंग सप्ताह पाळतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सुरू झालेला हा उपक्रम भारतातही रुजला आहे, आणि त्या आठवड्यात ठाणे-मुंबईकडच्या गच्च्यांवर चादरी बांधल्या जातात. त्यासाठी साधा पांढरा पडदा आणि दिवा पुरतो. छायाचित्र काढताना पंखांच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजू घ्याव्यात, तारीख, जागा आणि जवळच्या झाडाचे नाव लिहावे, कारण झाडाचे नाव नसलेले छायाचित्र अभ्यासकाला अर्धेच उपयोगी पडते. घराच्या भिंतीवर ॲटलास येऊन बसलेला आढळला तर त्याला साखरपाणी देऊ नये, तो पिऊ शकत नाही. डबीत ठेवू नये, पंखांवरचे खवले झडतात. जाड कागद पायांखाली सरकवून त्याला सावलीतल्या झाडावर ठेवावे आणि बाहेरचा दिवा घालवावा. पोट फुगीर आणि शृंगिका अरुंद असतील तर ती मादी आहे. तिला हलवायचे झाले तरी फार दूर नेऊ नये, कारण तिच्या गंधाच्या मागावर निघालेला नर त्याच परिसरात कुठे तरी असू शकतो.

आणि हिवाळ्यात मानपाड्याच्या वाटेवर पानगळ झालेल्या झुडपाला एकच वाळके पान चिकटून राहिलेले दिसले, तर ते ओढून पाहू नये. तो बहुधा कोश असतो, आणि आतल्याला जूनपर्यंत थांबायचे असते.